बाबांची काढलेली गाणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. वस्तू जागच्या जागी ठेवण्यात माझा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही! ऑफिसचं सगळं रेकॉर्ड वरच्या मजल्यावर हलवलं, तेव्हा एक फाइल इकडची तिकडे झाली नव्हती. त्यामुळे घरातली गाणी जुन्या ड्राइव्हवरून नव्या ड्राइव्हवर न्यायची ठरली, तेव्हा मी सरळ जाहीर केलं की कोणी मध्ये लुडबुड करू नका, हे काम माझं.

गाणी सासऱ्यांची. निवृत्त झाल्यापासून बाबांनी ती एकेक करून जमवली, त्यांचे फोल्डर केले, फोल्डरांत आणखी फोल्डर केले. सकाळची वेगळी, प्रवासातली वेगळी, पाहुण्यांनी आता निघावं म्हणून लावायची वेगळी! जुनी ड्राइव्ह करकरायला लागल्यापासून बाबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. माझी रचना तेवढी मोडू नकोस, असं त्यांनी मला येता-जाता बजावलं.

शनिवारी ते फिरायला गेले आणि मी मांडी ठोकून बसले. नावं, क्रम, फोल्डर, सगळं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी दोनच फोल्डर उरले. एकाचं नाव 'काढलेली', दुसऱ्याचं 'काढायची'.

आता मला सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे? काढलेली म्हणजे बाद केलेली, काढायची म्हणजे बाद करायची. मायेपोटी बाबांचा हात होत नसणार, बिचारे! नव्या घरात अडगळ कशाला न्यायची? उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. टाकायच्या कपड्यांचं बोचकं कोणी सोडून बघत बसतं का? दोन्ही फोल्डर मागे ठेवले, जुनी ड्राइव्ह पुसून स्वच्छ केली आणि नणंदेला देऊन टाकली. तिने लगेच आपल्या बाळाचे व्हिडिओ घालून ती काठोकाठ भरलीसुद्धा.

संध्याकाळी बाबा तपासायला बसले. एकेक फोल्डर उघडत गेले, मान डोलवत गेले. मला शाबासकी मिळाली. मी फुगले.

"आणि माझी काढलेली?" त्यांनी विचारलं.

"ती काढली, बाबा."

"हो, मीच काढली. पण ठेवलीस कुठे?"

"तुम्ही काढली होतीत, पण तशीच राहिली होती. म्हणून मग मी काढली. काढायची होती, तीही काढली."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "सगळी? एका दिवसात? अगं, तुला माउथ ऑर्गन कधीपासून येतो?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. गाणं काढणं म्हणजे सूर शोधत शोधत ते वाजवायला बसवणं! बाबा रोज दुपारी दार लावून माउथ ऑर्गनवर जी गाणी काढत आणि रेकॉर्ड करून मूळ गाण्यांशेजारी ठेवत, ती ही 'काढलेली'. पुढे काढू म्हणून बाजूला ठेवलेली मूळ गाणी म्हणजे 'काढायची'. एवढ्या वर्षांची मेहनत मी एका दुपारी पुसून टाकली होती.

काय झालं ते मी खरं खरं सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. रागावले असते तर परवडलं असतं. मी स्वयंपाकघरात पळाले आणि सासूबाईंसमोर रडूच फुटलं. नवराही तिथेच होता.

आईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली सुरी खाली ठेवली आणि दार हळूच लोटलं. ती रेकॉर्डिंग दर रविवारी जेवताना आम्ही सगळे निमूटपणे ऐकायचो. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तू करून दाखवलंस गं."

अहो, चुकून झालं, देवाशपथ चुकून झालं, असं मी परोपरीने सांगितलं. नवरा म्हणाला, असंच सांगत राहा, अगदी शेवटपर्यंत. मग त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि न सांगता सिंकमधली भांडी घासायला घेतली! लग्नानंतर एवढं कौतुक माझं पहिल्यांदाच होत होतं. मी रडत होते आणि ते दोघं एकमेकांकडे बघून हसू दाबत होते.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा! हातात माउथ ऑर्गन, चेहरा एकदम टवटवीत.

"रडू नकोस गं. मी विचार केला, झालं ते बरंच झालं. तेव्हा जरा घाईत काढली होती. आता सगळी पुन्हा काढतो, पहिल्यापासून. सावकाश."

आईंनी माझा हात सोडला. क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, "पण मूळ गाणीच गेली ना? मग काढणार कशावरून?"

"साधारण पाठ आहेत मला," बाबा म्हणाले.

आता आईंचं माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं असतं, आणि भांडी पुन्हा माझ्याकडे आली आहेत. हे सांगतेय तोवर बाहेरच्या खोलीत एक गाणं काढणं चाललंय. कुठलं, ते मला विचारू नका. मी बाबांनाच विचारून पाहिलं. म्हणाले, पूर्ण निघालं की सांगतो.