अस्सल कागदाचा चेक

खोटा चेक माझ्या हातात दोन मिनिटं टिकत नाही, हे मी कुणालाही लिहून देतो! अहो, चौतीस वर्षं काढलीत बँकेच्या चेक विभागात. नुसता अंगठ्याखाली घोळवला की कागद आपली सगळी कुळकथा सांगायचा. अख्खी शाखा मला ‘भिंग’ म्हणायची, आणि तेही तोंडावर! तर या भिंगाला धडधडीत दिवसाउजेडी कसं दिसेनासं झालं, ते आता ऐका.

बायकोचे वरचे सगळे दात गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून बोलते, कुणाकडे जात नाही, आणि खायचं ते सगळं मिक्सरमधून काढून खाते. डॉक्टरांनी कवळीचे पन्नास हजार सांगितले. चाळीस मुदत ठेवीत होते. उरलेल्या दहासाठी स्वेटर विणायचं मशीन विकायचं तिनेच ठरवलं. “आता कोण घालतंय हातचे स्वेटर!” असं म्हणाली खरी, पण मशीन पुसताना एकेक सुई वेगळी पुसत बसली. मला फार वाईट वाटलं हो.

मुलीने नेटवर जाहिरात टाकली, आणि तिसऱ्याच दिवशी ईमेल! गिऱ्हाईक कोण, तर जहाजावरचा कप्तान! स्वतः भर समुद्रात, मशीन बहिणीला भेट द्यायचंय. बघायची गरज नाही, घासाघीस नाही! चेक कुरियरने येईल, मशीन न्यायला टेम्पोवाला येईल.

चेक आला. पन्नास हजारांचा!

पाठोपाठ दुसरा ईमेल. ‘आमच्या कारकुनाने घोटाळा केला. आपले दहा ठेवून घ्या. बाकीचे चाळीस टेम्पोवाल्याच्या खात्यावर आजच पाठवा, म्हणजे तो गाडी घेऊन निघेल.’

“बाबा, हा फ्रॉड आहे!” मुलगी फोनवर किंचाळली. “मुद्दाम जास्तीचा चेक देतात आणि फरक परत मागतात! वस्तू न बघता घेणारा माणूस, आजच पाठवा म्हणून घाई, वर पैसे भलत्याच्याच खात्यावर! अजून काय कपाळावर लिहून द्यायला हवं त्याने?”

“चेकमधलं तू मला शिकवणार?” मी फोन ठेवला.

चेक ट्यूबलाइटसमोर धरला. अंगठ्याखाली घोळवला. नाकाला लावून वाससुद्धा घेतला! कागद अस्सल, छपाई अस्सल, शाई सुरेख. मी मनातल्या मनात शिक्का मारून मोकळा झालो.

खरी पंचाईत पुढेच होती. आमच्या विभागात संध्याकाळी फरक निघाला की तो मिटल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. चिल्लर पैशांच्या फरकासाठी आम्ही अकरा जण बाहेर ताटकळलेल्या बायकामुलांना विसरून खातेवह्या उपसत बसलेलो आहोत! आणि आता परक्या माणसाचे चाळीस हजार माझ्याकडे! मला घास गोड लागेना.

तडक बँकेत गेलो. काउंटरवरची बाई माझ्याच हाताखाली तयार झालेली.

“सर, चेक जमा करते. पण खात्यात आकडा दिसला म्हणजे पास झाला असं नाही. आठ दिवस थांबा.”

“अगं, मी पास केलाय ना!”

“सर, तुम्ही आता...” पुढचं ‘रिटायर झालात’ तिने गिळलं.

“मग माझी मुदत ठेव मोड! हे चाळीस याला पाठव. चेकचे आले की पुन्हा ठेवीत टाकू.”

“टेम्पोवाल्याला ओळखता?”

“नाही.”

“कधी बघितलंय?”

“पोरी, फरक त्याच दिवशी मिटवायचा, हे तुला कुणी शिकवलं?”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. ठेव मोडली. माझी छाती मात्र फुगलेली!

घरी येऊन आम्ही मशीन जुन्या चादरीत बांधून दाराशी ठेवलं. बायको खिडकीशी स्टुलावर बसली. चार दिवस बसली. टेम्पो काही येईना. पाचव्या दिवशी ईमेल आला, ‘गाडी नाक्यावर अडकलीय, विम्याचे पाच हजार भरा, लगेच परत देतो.’ आणि मी, खोटं कशाला बोलू, पासबुक काढून बसलोसुद्धा होतो! तेवढ्यात बँकेतून फोन आला.

काउंटरवरच्या बाईने चेक माझ्यापुढे ठेवला. “सर, या नंबरचं खातंच कुठे नाही.”

“आणि टेम्पोवाला?”

“त्याचं खातं त्याच दुपारी रिकामं झालंय.”

“पण कागद?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“कागद अस्सल आहे, सर,” ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मग तिने तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘निवृत्त’ एवढंच लिहिलं. कुठून निवृत्त, ते लिहायला हात धजेना.

घरी बायको मशीनची चादर सोडत होती. मी सगळं सांगितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी तिच्या बोलण्याची वाट बघत होतो. खरंच सांगतो, तिने मला झाडावं अशी फार इच्छा होती माझी!

“म्हणजे आता कवळी नाही,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. मिक्सर सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला.

जेवताना मी माझं ताट बाजूला सारलं. “मलाही मिक्सरमधलंच वाढ. तुझे दात येईपर्यंत मीही चावणार नाही!”

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटात काकडीच्या चार फोडी वाढल्या.

“मुकाट्याने चावून खा,” ती म्हणाली. “घरात एकाचे तरी दात वापरात असू देत.”

मी खाल्ली. काकडी चावताना एवढा आवाज होतो, हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं.