परचुरे सरांचा राहिलेला बाण

आमच्या खालच्या मजल्यावरचे परचुरे सर रोज संध्याकाळी पाच वाजता राक्षसाच्या हातून मरतात. व्हिडिओ गेममध्ये. चूक राक्षसाची नाही. तो बिचारा रीतसर गुरगुरत येतो; सर त्याच्याकडे पाठ करून प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता वाचत असतात.

नारायण पेठेतल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर माणसाने सकाळी फिरायला जावं, निदान बँकेत जाऊन भांडावं. सरांनी गेम घेतला. खेळायला नव्हे, तपासायला. मी एकदा म्हटलं, सर, आधी ती बंदूक उचला. तर म्हणाले, "बंदूक राहू दे, तो लंबक बघ." मग आम्ही त्या लंबकाची आंदोलनं घड्याळ लावून मोजली. माझी मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजली.

गेममधल्या चुका लाल पेनने सरांच्या वहीत जातात. मी त्यांच्या वर्गात होतो तेव्हा माझ्या वह्यांतही असाच लाल पेन फिरायचा. भिंगाच्या आकृतीत किरणाला दिशा दाखवणारा बाण राहिला, की सर अख्ख्या प्रश्नाला शून्य देत. "बाण नाही, मार्क नाही." माझ्याच बाकावरच्या नचिकेतलाही दिलं होतं, आणि तो तर त्यांचा सख्खा मुलगा. त्यानंतर तो बाण कधी विसरला नाही.

नचिकेत आता परदेशात गेममधल्या खोल्या रंगवतो. चित्रंच काढायची असतील तर या घरात राहू नकोस, असं सर रागात बोलून बसले. त्याला सहा वर्षं झाली; दोघांत एक शब्द नाही. हा गेम त्यानेच रंगवलेला, हे मला फार उशिरा कळलं. आणि मी मूर्ख बंदुका उचला म्हणत होतो.

परवा सरांनी मला हाक मारली. गेममधल्या एका कपाटामागे त्यांना दार सापडलं होतं. आत आमचा नववीचा वर्ग. तोच खिडकीचा वाकलेला गज, तोच फळा. फळ्यावर भिंगाची आकृती, तीन किरण, बाण दोनच किरणांना.

"सर, बाण राहिलाय. लिहा वहीत," मी म्हटलं.

"राहिलेला नाही. त्याने मुद्दाम सोडलाय," सर म्हणाले. "मी बोलावं म्हणून."

राक्षस बाहेरून दार बडवत होता. सरांनी फोन लावला.

"नचिकेत, तिसऱ्या किरणाला बाण नाही," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. चष्मा काढून ठेवला.

"देतो रे," ते शेवटी म्हणाले. "पूर्ण मार्क देतो."

मला त्याच चुकीला शून्य मिळालं होतं. तरी मला रडू आलं.