चूल लालभडक, पातेलं गार

आमच्या युवराजला तयार वस्तू बघवत न्हाय. चांगली चालू शिलाई मशीन असली तरी हा खोलून बघणार, आणि जोडताना दोन स्क्रू उरले की म्हणणार, "हे कंपनीनं उगंच घातलेले." सगळं येळ्ळूर गाव कम्प्युटर दुकानातनं आणतं. आमच्या ह्या युवराजसाहेबांनी सुटे भाग मागवले आणि दोन रविवार माजघरात पसारा मांडून स्वतः जोडला.

"आई, दुकानातल्यापेक्षा दुप्पट पळंल बघ."

मग मी तरी गप कशाला बसू? शेजारच्या राजाबाईच्या दारात जाऊन सांगून आले, "आमच्या लेकानं हातानं कम्प्युटर केलाय. तुमच्या जावयाला गॅस-शेगडीवाला बोलवायला तरी जमतं का?" शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण शेजारणीला कुठं बोलायचं हे मला कुणी शिकवावं लागत न्हाय.

कम्प्युटर होता सूनबाईसाठी, तेजस्वीसाठी. पुण्याच्या कंपनीत ती घरांची आतली चित्रं काढते. सोफा कुठं, कपाट कुठं, दिवा कुठं, सगळं अगदी खऱ्यासारखं. कंपनी म्हणाली, घरात बसून जमतंय का बघू. शनिवारी दोनपर्यंत एका बंगल्याची चित्रं पाठवा. न्हाय जमलं तर सोमवारी पुण्यात हजर व्हा.

सून पुण्याला गेली की चार महिन्यांत लेक जाणार, हे काय मला पंचांगात बघावं लागत न्हाय. मग एवढ्या घरात मी बोलू कुणाला? राजाबाई आहे, पण तिला उलट उत्तर सुचत न्हाय. तेजस्वीला सुचतं.

गुरुवारी सकाळी कम्प्युटर सुरू केला. पाच मिनिटं हरणागत पळाला. मग चिखलात म्हैस बसावी तसा बसला. तेजस्वीनं एक चित्र लावलं. तेवढ्यात मी बटाटे उकडले, सोलले, भाजी केली, ताटं वाढली. बघते तर सोफ्याचा एक पाय उमटलेला.

"इंटरनेट असंल," युवराज म्हणाला.

"अहो, चित्र ह्या डब्यातच तयार होतंय. इंटरनेटचा काय संबंध?"

"मग करंट कमी येतोय."

झालं. लाईनमन मष्णूला फोन. मष्णूनं खांबावर चढायच्या आधी सगळ्या गल्लीची लाईन बंद केली. तिकडं पिठाची गिरणी बंद पडली. राजाबाई अर्धं दळण डोक्यावर घेऊन आमच्या दारात.

"काय वो मालुबाई, तुमचा कम्प्युटर लई पळतोय म्हणं. आमची गिरणी का थांबवलीसा?"

तिच्या मागनं आणखी चौघी. मष्णू तासाभरानं खाली उतरला, घाम पुसत म्हणाला, "करंट बराबर हाय. घरातच काय तरी बघा." हे त्यानं गल्लीसमोर सांगितलं. मी दार लावून घेतलं.

शुक्रवारी युवराजनं रजा काढली. कम्प्युटरमधलं सगळं पुसून पुन्हा भरलं. म्हैस जागची हलली न्हाय. तेजस्वीनं कपाटावरची बॅग काढून झटकायला घेतली.

"ती ठेव वर," मी म्हटलं.

"आई, तीन दिवसांवर सोमवार आलाय."

"म्हणून काय झालं? तेवढ्यात रुक्मिणीचं हरण झालतं. ठेव वर."

राजाबाईची नजर हलकी न्हाय, म्हणून मी मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. असा ठसका उठला की आम्ही तिघं खोकत अंगणात. कम्प्युटरला शिंक सुद्धा आली न्हाय.

शनिवारी दहा वाजता युवराजनं डब्याचं दार काढलं. पडद्यावर एक आकडा दिसत होता. अठ्ठ्याण्णव.

"हे काय?"

"गरमी, आई. आतली चिप तापतीया. लई तापली की जळू नये म्हणून ती आपोआप हळू चालते."

"शहाणी हाय. उन्हात आमी पण तसंच करतो."

"पण कूलर बसवलाय की. पंखा पण फिरतोय."

मी डब्यात हात घातला.

"आई, हात नको घालू."

"गप. जलमभर तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतीया मी."

पंख्याशेजारच्या पत्र्याच्या पट्ट्या माठागत गार होत्या.

"हे कशावर ठेवलंयस?"

"चिपवर. चिपची गरमी हे ओढून घेतं आणि पंखा बाहेर घालवतो."

"म्हणजे खाली चूल, वर पातेलं."

"तसंच."

"मग चूल लालभडक आणि पातेलं गार कसं रं? मधी काय तरी आडवं आलंय. काढ ते."

आमचा युवराज उद्यमबागेच्या कारखान्यात, फौंड्रीत लोखंड वितळवतो. पगारच त्याचा मिळतो. तो स्क्रू फिरवायला लागला. कूलर उलटा केला तर बुडाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, नव्या वस्तूला असतो तसला. वर लाल इंग्रजी अक्षरं.

"काय लिहिलंय?"

युवराज वाचेना. तेजस्वीनं वाचलं. "बसवण्याआधी हे काढा."

पापुद्रा सोलला, चिपची गरमी कूलरला पोचवणारा उरलेला मलम लावला, कूलर पुन्हा बसवला. आकडा साठाच्या वर जाईना. सोफा, कपाट, पडदे भराभरा उमटायला लागले. पावणेदोनला अख्खा बंगला पुण्याला गेला आणि तेजस्वीची बॅग कपाटावर.

मग ती नवऱ्याकडं वळली. "अहो, एवढी लाल अक्षरं तुम्हाला दिसली न्हाईत?"

"दिसली की. सोलायला नख पण घातलतं. पण आई शेंगा निवडत शेजारीच बसलेली. म्हणाली, फाडू नको रं, नवं हाय तवर ऱ्हाऊ दे."

आता तुमच्यापासून काय लपवू. मीच म्हणाले होते. आमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक चार वर्षं निघालेलं न्हाय, फ्रीजच्या दाराचं न्हाय, टीव्हीच्या रिमोटचं न्हाय. पाहुणे बसले की करकर वाजतं, पण डाग पडत न्हाय. दोघं माझ्याकडं बघत होती. सून तर तोंडाला पदर लावून.

मी शेंगांची पाटी पुढं ओढली आणि लेकाला सांगितलं, "इंग्रजी वाचता येणाऱ्यानं अडाणी आईचं ऐकायचं नसतं, एवढं पण तुला मीच शिकवायचं व्हय रं?"