कानाकडे भोक असलेली गिटार

परमेश्वराने माणसाला दोन कान दिले ते दुसऱ्याचं ऐकून घेण्यासाठी, असा एक गैरसमज फार पूर्वीपासून चालत आला आहे. तसं असतं तर ते कान स्वतःच्याच तोंडाच्या इतक्या जवळ बसवायचं काही कारण नव्हतं. सोय कुणाची पाहिली आहे हे उघड आहे. हे सत्य प्रयोगाने सिद्ध झालं ते १९५७ साली, पिंपरीतल्या एका नव्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. (पुण्याच्या विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही. पण त्या काळी पुण्याचे विद्वान पिंपरीला स्टेशन समजत, गाव नव्हे, त्यामुळे त्यांना फार बोल लावता येत नाही.)

उद्धवराव त्या कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला आणि मधल्या वेळात विडी ओढायला किती वेळा भिंतीआड झाला, हे टिपून ठेवण्याचं काम. माणूस वाईकडचा, पापभीरू, चहाखेरीज कशाचं व्यसन नाही. फक्त गिटार. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या गिटारीवर ते रोज संध्याकाळी, पाळी सुटली की, ओट्यावर बसून एक धून वाजवत. धून त्यांनी स्वतः रचली होती. एकच होती, पण स्वतःची होती.

आयुष्यात त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. मंजुळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, ती धून ऐकून एकदा "छान" म्हणावं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात मंजुळाबाईंनी शेजारणीच्या भरल्या वांग्यांना छान म्हटलं होतं, कुंपणापलीकडच्या आबाजीच्या म्हशीच्या शिंगांना म्हटलं होतं, एकदा तर मामलेदाराच्या जीपगाडीलाही म्हटलं होतं. धुनेला नाही. वाजवून झालं की आतून एवढंच येई, "झालं का? मग पानं घेते."

आता त्यांच्या गिटारीचं भोक चारचौघींसारखं पुढच्या बाजूला, पोटावर होतं. त्यामुळे आवाज थेट समोरच्या चाळीवर जाई. समोरच्या चाळीचं म्हणणं असं पडलं की कारखान्यात यंत्रांचा आवाज सोसण्याबद्दल पगार मिळतो, इथे तो मिळत नाही. आबाजीने तर तोंडावरच सांगितलं.

"उद्धवराव, वाजवा तुमी. पर धारंच्या वक्ताला नगं. म्हस पान्हा चोरती."

"सवय होईल तिला, आबाजी."

"सवय व्हायला ती काय तुमच्या घरची हाय?"

प्रकरण कारखान्याच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या नाहीत आणि तोंडी हुकूम दिला, की गिटार राहील किंवा क्वार्टर राहील, आवाज खाली आला तर दोन्ही राहतील.

उद्धवराव गिटार काखेत मारून चिंचवड स्टेशनजवळच्या इनायतच्या दुकानात गेले. इनायत गाड्यांची चाकं, दारांच्या चौकटी आणि हार्मोनियमचे खोके सारख्याच भक्तिभावाने दुरुस्त करी. त्याच्या भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. तिच्या पोटावर भोकच नव्हतं. भोक होतं वरच्या कडेला, वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली येईल असं. त्यात इनायत विडीचं बंडल ठेवी.

"हे असं कुशीला का?" उद्धवरावांनी विचारलं.

"आमच्या दादाजींचं काम ते. खडकीच्या छावणीत एक गोरा सार्जंट होता, कानाने अधू. त्याला स्वतःचं वाजवलेलंच ऐकू येईना. दादाजींनी पोटावरचं भोक बंद केलं आणि कानाकडे काढलं. सगळा आवाज सरळ त्याच्याकडे. चांगल्या पाच-सहा बनवल्या."

"मग बंद का पडल्या?"

"लोक म्हणाले, आम्हाला ऐकू येत नाही."

"आणि सार्जंट काय म्हणाला?"

"त्याला लोकांचं ऐकू येत नव्हतं ना, साहेब."

उद्धवरावांनी विडीचं बंडल बाहेर काढलं आणि गिटार मांडीवर घेतली. पहिल्याच झंकाराला त्यांच्या अंगावर काटा आला. विहिरीत वाकून स्वतःचं नाव घ्यावं आणि विहिरीने ते आदराने परत करावं, तसं झालं. आपण इतकं चांगलं वाजवतो याची त्यांना आजवर कल्पना नव्हती. अकरा वर्षं तो आवाज नुसता लोकांवर वाया जात होता. इनायत भुसा झाडता झाडता "वा" म्हणाला. (दुकानदाराचं "वा" कशाला असतं हे विचारू नये.)

जुनी गिटार मोबदल्यात देऊन त्यांनी ती घरी आणली आणि त्या संध्याकाळी ओट्यावर तिच्यावर धून वाजवली. समोरची चाळ गप्प. म्हैस गप्प. आबाजीने न मागता तांब्याभर ताक पाठवलं. आणि आतून मंजुळाबाई म्हणाल्या, "आज बरं वाटलं हो."

"छान" नव्हतं. पण "बरं" पासून "छान" काही फार लांब नाही. उद्धवरावांना रात्रभर झोप आली नाही, आणि अशा बंद पडलेल्या वाद्याचं पुनरुज्जीवन करणं हे राष्ट्रीय कर्तव्य आहे, असं सकाळी त्यांच्या लक्षात आलं.

कारखान्याच्या करमणूक केंद्रात "गिटार पुनरुज्जीवन उपसमिती" स्थापन झाली. (मूळ समिती नव्हती. उपसमिती थेट नेमता येते, तिला साहेबांची सही पुरते.) उपसमितीने वाद्याचं नाव "स्वावलंबन गिटार" असं ठेवलं. जिथे उत्पादन तिथेच उपभोग, वाटेत कुठेही गळती नाही, सबब हे वाद्य दुसऱ्या पंचवार्षिक योजनेशी सुसंगत आहे, असा ठराव झाला. हे मुळात बहिऱ्या माणसाची सोय म्हणून निघालं होतं, एवढा तपशील इतिहासातून गाळण्यात आला. महाळुंग्याहून बैलगाडीने शिवणीचं लाकूड आलं आणि इनायत चाकं सोडून गिटारींना लागला.

पहिली गिटार साहेबांनी घेतली. साहेबांना गिटार वाजवता येत नव्हती. ही अडचण ठरली नाही. त्यांनी दार लावून घेतलं, तार छेडली, आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. मग हेडक्लार्कने घेतली. मग युनियनच्या पुढाऱ्याने, केवळ साहेबांकडे आहे म्हणून. कँटीनचा चहा पातळ असल्याबद्दल जी वाटाघाट बरेच दिवस अडली होती, ती या दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना आपापली गिटार घेऊन बसून एका दुपारात मिटवली. बाहेर आल्यावर दोघांनीही सांगितलं, की समोरच्याला उत्तर सुचलं नाही. चहा तसाच पातळ राहिला, पण कटुता गेली.

उपसमितीच्या पाहणीप्रमाणे स्वावलंबन गिटार आल्यापासून क्वार्टर्समधली भांडणं शेकडा साठांनी घटली. उरलेली चाळीस टक्के चालू असतील, पण ती कुणाला ऐकू आली नाहीत. वाजवणाऱ्यांपैकी शेकडा शंभर जणांनी आपलं वादन उत्कृष्ट असल्याचं कळवलं. श्रोत्यांची मतं घ्यायचं राहून गेलं.

वार्षिक स्नेहसंमेलनात सात स्वावलंबन गिटारींचा सामुदायिक कार्यक्रम ठेवण्यात आला. कार्यक्रम "अत्यंत श्रवणीय झाला" असा अहवाल आठवडाभर आधीच छापून तयार होता, कारण संमेलनानंतर छापखाना लग्नपत्रिकांत गुंतायचा. खेडच्या आठवडी बाजारात ज्याच्या भोंग्यावर मलम विकलं जाई, त्या फारूकला भोंग्यासकट बोलावलं. फारूकने माइक नेहमीप्रमाणे गिटारींच्या पोटापुढे ठेवला. पोटं बंद होती. भोंग्यातून सबंध मैदानभर खुर्च्यांची करकर आणि साहेबांचं नाक ऐकू आलं.

कुणी हललं नाही. क्वार्टर्सचा रिवाज असा, की चहा-चिवडा आभारप्रदर्शनानंतर मिळतो, त्यामुळे आभारापर्यंत सगळी माणसं रसिक असतात. सातही जणांनी आपापल्या वेळी सुरुवात केली आणि आपापल्या वेळी शेवट केला. बाकीच्या सहांनी आपल्याला सुरेख साथ दिली, असं प्रत्येकाचं मत पडलं. उद्धवराव सगळ्यांत शेवटी थांबले. पहिल्याच रांगेत मंजुळाबाई बसल्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उद्धवरावांना धन्य वाटलं. डोळे मिटून ऐकणं ही "छान"च्या पुढची पायरी झाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मंजुळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. उद्धवराव शेजारी जाऊन टेकले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसं झालं काल?"

"काय?"

"अगं, माझं वाजवणं."

मंजुळाबाईंनी एक खडा काढून अंगणात टाकला. "वाजवलंत कधी? मी म्हटलं अजून तारा लावताय. वाट बघता बघता डोळा लागला माझा."

उद्धवराव म्हणाले, "आणि त्या दिवशी बरं वाटलं म्हणालीस ते?"

"म्हस ओरडत नव्हती. शेजारचे ओरडत नव्हते. बरं वाटेल नाही तर काय?"

उद्धवराव उठले, आत गेले आणि गिटार घेऊन आले. "आज ऐक. इथे कान लाव."

"अहो, दिवसाढवळ्या? लोक बघतील."

"लोकांच्या हातात गिटारी आहेत. कुणी बघत नाही."

हे मात्र खरं होतं. मंजुळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि नवऱ्याच्या खांद्याला डोकं टेकेल इतक्या जवळ वाकून भोकाला कान लावला. उद्धवरावांनी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. कानाची जागा बायकोने अडवल्यामुळे त्यांना स्वतःला फारसं ऐकू आलं नाही.

"मधे अडखळता तुम्ही," मंजुळाबाई म्हणाल्या. "वर चढून खाली उतरता ना, तिथे. रोज तिथेच."

"रोज? तुला आजच तर ऐकू आलं."

"पहिल्या गिटारीच्या वेळी काय कानात कापूस घालून बसत होते मी? अकरा वर्षं तिथेच अडखळताय. मी आत पोळी तव्यावर तशीच धरून ठेवायची, आज तरी पार होतील म्हणून. झाले नाहीत की मग पानं घ्यायची." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "नवीन आली तेव्हापासून तेही गेलं."

उद्धवराव त्याच पावली इनायतकडे गेले आणि म्हणाले, "कडेचं बुजवा. पोटावर पाडा."

इनायतने गिरमिट हातात घेतलं आणि थांबला. "साहेब, पुढे पाडलं की लोकांना ऐकू जाणार. आणि लोकांना ऐकू गेलं की लोक बोलणार. विचार करा."

"केलाय. पाडा."

मूळ रचनेशी द्रोह केल्याबद्दल उद्धवरावांना उपसमितीतून काढण्यात आलं. ठराव एकमताने झाला (प्रत्येकाने आपलंच मत ऐकल्यामुळे एकमताला अडचण आली नाही). समोरची चाळ पुन्हा तक्रार करू लागली, म्हैस पान्हा चोरू लागली, ताक बंद झालं. क्वार्टर जाता जाता राहिलं, ते साहेब दार लावून वाजवत असल्याने त्यांना तक्रार ऐकू आली नाही म्हणून. रोज संध्याकाळी धून वर चढे, खाली उतरू लागे, आणि आतून आवाज येई, "अडखळलात." उद्धवराव परत पहिल्यापासून सुरू करत. मंजुळाबाईंनी "छान" अजून म्हटलेलं नाही. उद्धवरावांना हल्ली त्याची घाईही नाही.

स्वावलंबन गिटारीचा प्रसार मात्र थांबला नाही. इनायतच्या दुकानात मागणी इतकी वाढली, की गाड्यांच्या चाकांचं काम कायमचं बंद झालं.

आता हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कुणी ना कुणी उभं राहिलंच असेल. तुमचे साहेब, तुमचा मेव्हणा, वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ. प्रत्येक वाचकाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उभं राहतं, आणि तो वाचक स्वतः कधीच नसतो, असा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. गिटारीचा फर्मा इनायतकडे जपून ठेवलेला आहे. हनुवटीपासून बरगडीपर्यंतचं माप तेवढं कळवा. तुमच्या कानाचं माप घ्यायची गरज पडणार नाही.