प्रसूतिगृहाचे मध्यंतर

त्या गावात वीज तारांमधून नव्हे, मंजूर नकाशामधून वाहत असे. तारा ओढण्याचे गावाने केव्हाच सोडून दिले होते, आणि त्यावाचून कुणाचे काही अडले नव्हते.

हेमलता दुधाणे वाळिंबे साहेबांच्या कचेरीत इमारतींची वीजरचना शिकत होती. एक नकाशा मंजूर झाला की तिला परवाना मिळणार होता. वाट्याला आले नगरपरिषदेचे प्रसूतिगृह. तिने खोलीखोलीचा भार मोजला. उघडलेल्या दाराआड बटणे जाऊ नयेत हेसुद्धा पाहिले. विद्युत निरीक्षक टिपरे यांनी तो नकाशा तीनदा परत पाठवला. असला नकाशा त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता.

वाळिंब्यांनी मग तिला कचेरीची रीत समजावली. कपाटातला एखादा मंजूर नकाशा घ्यायचा, वरचे नाव बदलायचे आणि पाठवून द्यायचा. हाताला चित्रमंदिराचा लागला. तो एका दिवसात मंजूर झाला. परवानाही आला.

नकाशा एकच, म्हणून प्रवाहही एकच. तीनचा खेळ सुरू झाला की प्रसूतिगृहात अंधार होई आणि मध्यंतरात दहा मिनिटे उजेड. मेट्रनबाईंनी तक्रार केली नाही. खेळांचे वेळापत्रक तेवढे मागवून घेतले. बाळंतिणींनी मात्र ते पाळले नाही.

एक बाळ अंधारात चाचपून जन्माला घालावे लागले, तेव्हा हेमलता टिपऱ्यांकडे गेली.

“साहेब, माझा नकाशा चुकलाय. दुरुस्त करू द्या.”

“चुकलाय म्हणता? मग परवाना जमा करा.”

“करते. पण दुरुस्तीचं काय?”

“अर्ज द्या की. पण तो परवानाधारकाचाच चालतो, बाई.”

परवाना परत पर्समध्ये ठेवून ती चित्रमंदिराच्या कोठारीशेठकडे गेली आणि मध्यंतर लांबवा म्हणाली. किती, असे शेठनी विचारले. तिने खरे ते सांगितले, की पहिलटकरणीचा काही नेम नसतो. शेठना बटाटेवड्यांचा खप दिसला. ते लगेच हो म्हणाले.

आता कळा वाढल्या की मेट्रनबाई चित्रमंदिरात फोन करतात. नायक कड्याला लोंबकळत असला तरी दिवे लागतात. प्रेक्षक वडे खात बसतात. डोअरकीपर मुलगा की मुलगी ते सांगून जातो आणि खेळ पुढे सुरू होतो.

परवा जुळी होती, त्यातले दुसरे आडवे. प्रेक्षक खलनायकाला तसाच जिवंत सोडून शेवटच्या बसने घरी गेले.