यूपीएसला पांघरूण

"लाइन राहो का जावो, या पेटीले पत्ताच लागणार नाई," असे देवाजी मेश्राम यांनी दवाखान्यात ज्याला त्याला सांगून ठेवले होते. पेटी काचेची, उबेची. तिच्यात आठव्या महिन्यातच घाई करून आलेली त्यांची नात. चिमूरच्या वाटेवरच्या त्या लहानशा दवाखान्याला यूपीएस देवाजींनीच बसवून दिला होता. कारखान्याने १९८७ साली मोडीत काढलेला, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. बॅटरीवर होता, तोही मीटर लावून पाहिल्यानंतर.

जानेवारीतल्या एका दुपारी ते जेवून परतले, तेव्हा यूपीएसच्या जागी गोधडी पांघरलेले काहीतरी बसले होते, हुडहुडी भरलेल्या म्हाताऱ्यासारखे.

"हे काय?"

"पीं पीं करून रडून राह्यला होता," पत्नी अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "कांताचा आताच डोळा लागला. पांघरूण घातलं तं आवाज दबला."

बाजूला विजेची शेगडी लालबुंद झाली होती. बाळंतीण कांताच्या अंगात कणकण, तिला शेक हवाच. आणि डॉक्टरांची निखाऱ्यांना बंदी. शेगडीची वायर थेट यूपीएसमध्ये गेली होती.

"भिंतीतल्या बोर्डाले काऊन नाई लावली?"

"तिथली लाइन जाते. तुमची जात नाई. तुमीच तं सांगता गावभर."

वाक्य देवाजींचेच होते. त्यांनी गोधडी उचलली. पिवळा दिवा लागला होता. शेगडीचा भार न पेलल्यामुळे यंत्र बाजूला झाले होते आणि भिंतीतली वीज सरळ पेटीकडे सोडून मोकळे झाले होते.

"हा बायपास. बॅटरी यात नाई. आता लाइन गेली तं..."

लाइन गेली.

त्यांनी शेगडी उपटली, बटण दाबले, पुन्हा दाबले. गोधडीत तापलेले यंत्र निवल्याशिवाय उठणार नव्हते. पेटीतला काटा उतरू लागला.

"कोणाच्या तरी छातीशी धरा," सिस्टर गोकुळा म्हणाली. कांताला ताप, अंजनाबाईंना खोकला. उरले देवाजी.

त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. खारीएवढा जीव छातीला चिकटला, वर तीच गोधडी आली. काही वेळाने मुठी सैल झाल्या, पाय कोमट झाले.

"म्हणजे हे बी बायपासच," अंजनाबाई म्हणाल्या. "मधात यंत्र नाई."

"हो."

"आन तुमाले खोकला आला तं?"

"बोलू नको. भार वाढते."

लाइन आली. हिरवा दिवा लागला, पेटी पुन्हा उबदार झाली. गोकुळाने हात पुढे केले. "द्या भाऊ आता."

"यंत्र अजून गरम आहे."

अंजनाबाईंनी त्यावर तळवा ठेवला. "थंडगार हाय."

"हाताचं काय खरं? मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाई."

मीटर पिशवीत होता. पिशवी त्यांच्या हाताशीच होती. हात मात्र गोधडीतून बाहेर आला नाही.