शॅडोची जागा

आमचे कुसगावचे शेजारी उस्मानभाई पेंटर ब्लॉग लिहीत नाहीत, रंगवतात. आधी पत्रा घासायचा, पांढरा हात द्यायचा, खडूच्या रेघा मारायच्या, मग ब्रशने मजकूर. पूर्ण वाळल्याशिवाय ब्लॉगवर टाकायला फोटो काढायचा नाही, हा त्यांचा कायदा. जुलैत 'आजचं हवामान' हा लेख वाळायला इतके दिवस लागले, की तोवर चक्क ऊन पडलं. त्यांनी तो तसाच टाकला.

"टाइप करा ना," मी म्हणायचो.

"टाइपची अक्षरं समद्यांची सारखीच. मंग त्यात माझं काय?"

संध्याकाळी ते दोन ब्रश धुतात. वापरलेला असतो एकच. दुसरा, बारीक, रॉकेलमध्ये बुचकळून, पुसून पुन्हा जागेवर ठेवतात. कलावंत आहेत, म्हणून मी विचारलं नाही.

ब्लॉग मीच उघडून दिलेला, त्यामुळे वर्ष झाल्यावर आढावा सभेला मला बोलावणं आलं. सभा त्यांच्या पडवीत. अध्यक्ष उस्मानभाई, उपस्थित मी. बशीने झाकलेला पाण्याचा ग्लास अध्यक्षांसाठी होता. वार्षिक अहवाल अर्थातच पत्र्यावर : 'लेखन उत्तम. रंग टिकाऊ. वाचक जेमतेम.'

"काय सूचना?" अध्यक्षांनी विचारलं.

मी म्हणालो, "अक्षरं उघडी वाटतात. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानांवर तुमची अक्षरं कशी भिंतीतून बाहेर यायची! इथे उजवीकडे जागा सोडता आणि शॅडो देतच नाही."

"शॅडो माझं काम न्हाई. ती दत्तूची."

मग कळलं. बोर्डावर अक्षर उस्मानभाईंचं, शॅडो दत्तूची, अशी दोघांची जोडी होती. फ्लेक्स आले, कामं आटली, चिडचिड वाढली. एका हॉटेलच्या दारात, मालकासमोर, उस्मानभाई बोलून गेले, "शॅडो काय, कुणीबी काढतंय." दत्तूने ब्रश खाली ठेवला आणि नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत लागला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

"मग फोन करायचा ना!"

"लय डाव लावला. रिंग व्हायच्या आदी मीच कापतो. माफी मागायला तोंड उघडत न्हाई रं, सदा. म्हनून जागा सोडून ठेवली. बघितलं तर त्याला कळंल. तो बघतोय का, तेवढं सांग."

सभेचा खरा विषय हा होता. मला फार वाईट वाटलं. मी मोबाइलवर प्रतिक्रिया उघडल्या. कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती होत्या. आणि सगळ्यात खाली, सकाळीच आलेली, बिननावाची एक ओळ : 'ऊन कुटनं धरलंय?'

"कोणीतरी वेडगळ दिसतोय," मी म्हणालो. "काढून टाकू?"

उस्मानभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"उनाच्या उलट बाजूला शॅडो पडती," ते हळू म्हणाले. "बोर्डाला हात लावायच्या आदी दत्तू हेच इचारायचा. दर टायमाला."

"उत्तर टाइप करतो."

"थांब."

अध्यक्षांनी सभा तशीच सोडली. कोरा पत्रा ओढला, रेघाही मारल्या नाहीत. तरी अक्षरं तीच, ठसठशीत : 'डावीकडनं. नेहमीसारखं.' उजवीकडे दर अक्षरापाशी जागा सोडलेली.

"काढ फोटू."

"अहो, ओलं आहे अजून."

"आसूंदे ओलं," उस्मानभाई म्हणाले. "काढ की रं लवकर."